दानिएल हिवाळे यांची हजेरी

रविवार, ९ मार्च १९८६. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी रणनवरे मास्तरांनी हजेरीचं रजिस्टर मिटलं आणि सांगितलं, "गणसंख्या नाही. सभा होऊ शकत नाही."

करंजेगावच्या आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा एकशे दहा माणसं बसली होती. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि सभेत शिरलं की आधी डोकी मोजायची सवय होती. डावीकडे एकोणपन्नास पुरुष, उजवीकडे एकसष्ट बायका.

"मास्तर, शंभराच्या वर माणसं आहेत," पाळक बोर्डे म्हणाले.

"उपासनेला आहेत, पाळकसाहेब. सभेला एकोणपन्नास. रजिस्टरात चौऱ्याऐंशी नावं, दोन-तृतीयांश म्हणजे छप्पन्न. सात कमी."

उजवीकडून आवाज आला, "मग आम्ही काय सतरंज्या हाय का हितं अंथरलेल्या?"

बायका हसल्या. बोलणारी हिवाळेमावशी होती, मुलींच्या बोर्डिंगातली स्वयंपाकीण. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही.

आमच्या मंडळीचं रजिस्टर कुटुंबाला एक ओळ असं होतं. कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव, आणि त्याच्यापुढे 'व पत्नी'. नवरा वारला की ओळ मुलाच्या नावावर जायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी, मास्तर एकेक नाव पुकारत. प्रमुखाने उठायचं, 'हजर' म्हणायचं, बायबलमधलं एक वचन म्हणायचं आणि बसायचं. मिशनरी असल्यापासूनची ही पद्धत. मिशनरी गेले, दोन वर्षं पाळक मिळाला नाही, तेव्हा मास्तरांनीच दर रविवारी उपासना चालवली, मयतं पुरली, मंदिराचं छप्पर शाकारून घेतलं. मंडळी त्यांनी टिकवली. त्यानंतर एकोणीस वर्षं तेच पाच पंच राहिले आणि मास्तर त्यांचे प्रमुख.

वार्षिक सभा तीन वर्षं झाली नव्हती. प्रादेशिक परिषदेचं पत्र आलं होतं: ३१ मार्चपर्यंत रीतसर सभा घेऊन नवे पंच कळवा, नाहीतर करंजेगावची मंडळी तालुक्याच्या मंडळीला जोडली जाईल. बोर्डे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, येऊन वर्षच झालं होतं. त्यांनी ठराव तयार केला होता. वस्त्यांप्रमाणे सात गट करायचे. आजाऱ्यांना भेटणं, शास्त्रवाचन, मंदिराची झाडलोट, घरची प्रार्थनासभा, सगळं पाळीने गटांकडे. प्रत्येक गटाने चिठ्ठी टाकून आपला पंच निवडायचा, मुदत तीन वर्षं. ठराव सोपा होता. तो मांडायला सभा भरत नव्हती, इतकंच.

बोर्ड्यांनी नियमांची पुस्तिका काढली. "नियम सहा, मास्तर. दृढीकरण झालेली प्रत्येक व्यक्ती मंडळीची सभासद आहे. यात पुरुष कुठं लिहिलंय?"

मास्तरांनी चष्मा लावला. नियम दोनदा वाचला. लिहिलेल्याशी वाद घालणारा तो माणूस नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण 'पत्नी' नावाच्या कोणाचं दृढीकरण झाल्याची नोंद माझ्याकडे नाही. नाव आणा, गाव आणा, साल आणा. मूळ मंडळीतला दाखला आणि दोन साक्षीदार. मी मोजतो."

"कधीपर्यंत?"

"झावळ्यांचा रविवार. तेवीस तारीख. मी रजिस्टर उघडं ठेवतो."

बाहेर आल्यावर बोर्डे मला म्हणाले, "शांतवन, तुम्ही रोज संध्याकाळी सहाच्या आत बातमी देता ना?"

"साडेपाचला. सहाची एस.टी. असते."

"मग हे तसंच धरा. एकोणऐंशी बायका, तेरा दिवस."

मला वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. दृढीकरण म्हणजे वयात आल्यावर मंडळीपुढे विश्वासाची कबुली देऊन पक्कं सभासद होणं; बायकांचं ते माहेरच्या मंडळीत झालेलं, माहेरच्या नावाने. लग्नात नाव बदललेलं. सासरच्यांना जुनं नाव माहीत नाही, काहींना तर नवंही नीट माहीत नाही. 'थोरली', 'धाकली', 'अमक्याची आई' यावर तीस वर्षं भागलेलं. पहिल्या दोन दिवसांत माझ्या वहीत सहा नावं आली.

तिसऱ्या दिवशी हिवाळेमावशी बोर्डिंगाच्या दारात उभी होती.

"किती झाली रं?"

"सहा."

"सहा? आरं, निम्म्या बाया ह्याच बोर्डिंगात वाढल्या. कोणचं गाव, कोणचं साल, कुणाला कांजिण्या आल्या व्हत्या, समदं ठावं हाय मला. दुपारच्या भाकरी झाल्या की येते तुझ्यासंगं."

त्यानंतर ती रोज आली. दारात उभी राहून हाक मारायची, "अगं मार्था, तू लग्नाआधी कोण व्हतीस ते सांग ह्या पेपरवाल्याला." साक्षीदारही तीच शोधायची. मी पत्रं लिहायचो, एस.टी.च्या कंडक्टरांकडून दाखले मागवायचो. दहाव्या दिवशी वहीत चौसष्ट नावं होती.

मास्तरांच्या घरी मी एकटा गेलो. ओळ इतरांसारखीच होती: 'याकोब शिवराम रणनवरे व पत्नी'.

"तुमच्या मंडळींचं नाव, मास्तर?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मास्तरीणबाई एवढंच माहीत आहे."

मास्तरांनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "लिहा. शलोमी."

आतून आवाज आला, "शलोमी तुमच्या आईनं ठेवलं. दृढीकरणाला मी सगुणा होते. सगुणा केरू ओहोळ, तांबेवाडी, एकोणीसशे एक्केचाळीस."

"साल कसं लक्षात राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"नवं लुगडं मिळालं होतं त्या दिवशी. तुम्ही लिहून घेताय का मी लिहू?"

मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरा साक्षीदार कोण, हे मात्र त्यांनी मला विचारलंच. बाईंची बहीण राहुरीला होती. तिचं पत्र मी दुसऱ्या दिवशी आणलं.

शनिवारी, बावीस तारखेला दुपारपर्यंत एकाहत्तर बायकांची नावं रजिस्टरात चढली. आठ राहिल्या. त्या आठांत हिवाळेमावशी होती.

ती राहेल संतू भिंगारदिवे, चांदेगावची. चांदेगावच्या पाळकांनी उत्तर पाठवलं होतं की १९५० ते ५८ची वही वाळवीने खाल्ली. दाखला मिळणार नाही.

तिच्या घराची ओळ होती 'दानिएल लक्ष्मण हिवाळे व पत्नी'. दानिएल ऑक्टोबर १९७२ मध्ये, दुष्काळात, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. नोव्हेंबरात नवापूरहून एक पोस्टकार्ड आलं. नंतर काही नाही. मुलगी आठ वर्षांची होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून दानिएलचं नाव पुकारलं की मावशी उठायची, 'हजर' म्हणायची, वचन म्हणायची आणि बसायची. मास्तर रजिस्टरात खूण करायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. बोर्डे मला म्हणाले होते की पहिले दोन महिने त्यांना तिचंच नाव दानिएल वाटलं.

मी रजिस्टर तपासलं होतं. डिसेंबर बहात्तरपासून एकशे साठ महिने. दानिएल हिवाळे एकशे अठ्ठावन्न वेळा हजर. दोन महिने मावशीला विषमज्वर होता. करंजेगावच्या मंडळीत त्याच्याइतका नियमित सभासद दुसरा नव्हता.

संध्याकाळी पाचला बोर्ड्यांच्या ओट्यावर आम्ही आकडे मांडले. चौऱ्याऐंशी आणि एकाहत्तर, एकशे पंचावन्न. दोन-तृतीयांश, एकशे चार. कोण येणार, कोण गावाला, कोण मास्तरांच्या शब्दाखातर घरी बसणार, हे मी घरोघर विचारून आणलं होतं.

"किती?"

"एकशे चार. दानिएल धरून."

बोर्ड्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. मग म्हणाले, "चला, मावशीला सांगून येऊ."

मावशी बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आम्हाला पाहून तिने हात थांबवला नाही.

"मावशी, उद्या नेहमीसारखं करा," बोर्डे म्हणाले.

"नेहमीसारखं म्हंजी?"

"दानिएलकाकांचं नाव आलं की..."

"हजर म्हणायचं."

"हो."

"आन् माझं नाव?"

बोर्ड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. चांदेगावची वही गेली, त्यामुळे तिचं स्वतंत्र नाव लागत नाही. दानिएलला गैरहजर म्हणून खोडता येईल, पण मास्तरांच्याच हातच्या खुणांनुसार तो दर महिन्याला मंदिरात आहे. आणि खोडलाच, तर ती ओळ जाईल. ओळ गेली की घराचं प्रभुभोजनाचं कार्ड जाईल, कबरस्तानातली जागाही जाईल. रजिस्टरात तिची म्हणून काही खूण उरणार नाही.

"ती ओळ राहू द्या," मी म्हणालो. "तुमचं पुढच्या वर्षी बघू."

इतर एकाहत्तर नावांना मी दोन-दोन साक्षीदार मागितले होते; दानिएलच्या हजेरीला एकही मागितला नाही.

मावशीने भाकरी तव्यात टाकली. "सत्तर बायांची नावं आणली म्या तुझ्यासंगं हिंडून."

"एकाहत्तर," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय. एकाहत्तर." आणि भाकरी उलटली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बोर्ड्यांनी ते हो धरलं. मीही.

रविवार, २३ मार्च. मुलांनी शिंदीच्या झावळ्या घेऊन मंदिराला फेरी घातली, उपासना झाली, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी रजिस्टर उघडलं. आडनावांच्या बाराखडीप्रमाणे पुकारा सुरू झाला. आधी प्रमुख, मग त्याच्या पत्नीचं नाव.

पहिल्या बाईचं नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, "अगं ऊठ की, तूच हाईस ती!" बाई उठली, 'हजर' म्हणाली आणि वचन विसरून खाली बसली. मास्तरांनी वाट पाहिली. ती परत उठली, वचन म्हणाली. खूण झाली. चौथ्या-पाचव्या नावानंतर बायकांना सराव झाला. एक म्हातारी इतक्या मोठ्याने 'हजर' म्हणाली की झावळ्या घेतलेली मुलं हसायला लागली. मास्तरांनी "सगुणा याकोब रणनवरे" पुकारलं तेव्हा मात्र मंदिरात कुणी हललं नाही. बाई उठल्या, लांबलचक वचन न चुकता म्हणाल्या, आणि मास्तरांनी ते संपेपर्यंत पेन उचलून धरलं.

मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत होतो. 'स' संपला तेव्हा एकशे तीन झाल्या होत्या. 'ह'मध्ये एकच घर होतं.

"दानिएल लक्ष्मण हिवाळे."

मावशी उठली.

"गैरहजर."

मास्तरांचं पेन कागदावर टेकलं होतं. ते तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"गैरहजर म्हणाले. चौदावं वरीस लागलं."

"बाई, रजिस्टरात तो हजर आहे. याच महिन्याच्या दोन तारखेलाही."

"ती मी हजर व्हते."

"मंडळीपुढं तुम्ही दर महिन्याला..."

"खोटं बोलले. व्हय." तिने पदर खांद्यावर सारखा केला. "पोर बोर्डिंगात व्हती. तीन महिने घराची हजेरी न्हाई लागली तर कार्ड बंद, आन् कार्ड न्हाई त्या घरच्या पोरीला बोर्डिंगात जागा न्हाई. तवा उठले. त्यो पयला रविवार. मास्तर, तुमी वर बघितलंत. चष्मा काढून बघितलंत माझ्याकडं. बापई न्हाई, बाई उभी हाय, दिसलं तुमाला. मग चष्मा लावलात आन् खूण केलीत."

मी मास्तरांना तीस वर्षं ओळखत होतो. त्यांच्या हातून नियम मोडल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढला. "केली," ते म्हणाले.

"तुमचं उपकार हाईत. ते काय फिटत न्हाईत. पण आज माझ्या शेजारची परत्येक बाई आपलं नाव घिऊन बसली. मला त्याच्या नावावर बसायचं न्हाई."

बोर्ड्यांचा चेहरा उतरला होता. एकशे तीन. त्यांनी माझ्याकडे बोटाने खूण केली, एक. मी मान हलवली.

"त्याचं नाव खोडलं तर तुमची ओळ जाते. माहीत आहे तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"शांतवननं सांगितलंय काल."

"तरीही?"

"तरीबी."

"गैरहजर म्हणून खोडायला दोन साक्षीदार लागतात. एक तुम्ही. दुसरा?"

मास्तरांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही; साक्ष द्यायची म्हणजे त्या एकशे अठ्ठावन्न खुणा खोट्या होत्या असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं. पेट्रोमॅक्सच्या आकड्याखाली बसलेल्या एका पंचाने घसा खाकरला आणि पुन्हा खाली पाहिलं.

"दुसरा मी," मास्तर म्हणाले.

त्यांनी पट्टी ठेवून लाल शाईने ओळ खोडली. समासात तारीख घातली. 'साक्षीदार' असं लिहून सही केली, रजिस्टर मावशीपर्यंत नेलं आणि तिची सही घेतली. मग जागेवर येऊन बेरीज पुन्हा केली, मोठ्याने.

"एकूण एकशे चोपन्न. दोन-तृतीयांश एकशे तीन. हजर एकशे तीन. सभा सुरू करावी."

तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. बोर्डे उभे राहिले आणि त्यांनी ठराव वाचला. अठ्ठ्याऐंशी विरुद्ध पंधरा मतांनी तो मंजूर झाला. मास्तरांचा हात पंधरांत होता.

मावशी उठून मागच्या दाराकडे निघाली. सभासद नसलेल्याने सभेत बसू नये, असा नियम होता.

"थांब, राहेल," सगुणाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माझी सूचना आहे. राहेल हिवाळे यांचं नाव रजिस्टरात घ्यावं. दाखला वाळवीनं खाल्लाय, पण साक्षीदार हवे तितके बसलेत इथं."

"मूळ नोंद नाही," मास्तर म्हणाले. "नियमात बसत नाही."

"खूण करताना बसत होतं?"

कुणीतरी हसू दाबलं. मास्तर रागावले नाहीत. ते बायकोकडे पाहून, वर्गात समजावून सांगावं तसं, म्हणाले, "तेव्हा मी दया केली आणि नियम मोडला. त्यापायी या बाईंना तेरा वर्षं दुसऱ्याच्या नावानं उभं राहावं लागलं. आज मी परत तेच करणार नाही."

"मग मतं घ्या," सगुणाबाई म्हणाल्या.

मतं घेतली. सत्त्याण्णव विरुद्ध सहा. मास्तरांनी शेवटच्या ओळीवर आपल्या वळणदार अक्षरात 'राहेल संतू हिवाळे' असं लिहिलं. खाली लिहिलं, 'माझी हरकत नोंदवून.' हरकतीचं दोन पानी पत्र त्यांनी त्याच दुपारी पोस्टात टाकलं. टाकण्याआधी मला वाचायला दिलं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात गटांनी चिठ्ठ्या टाकल्या. बोर्डिंगामागच्या गटाने मावशीला पंच निवडलं. सोमवारी, ३१ तारखेला, सात पंचांची यादी घेऊन मी परिषदेच्या कार्यालयात गेलो. पोचपावतीवर वेळ आहे चार वाजून चाळीस मिनिटं.

परिषदेने यादी मान्य केली आणि हरकतीसाठी तीन जणांची समिती नेमली. सुनावणी नोव्हेंबरात झाली. मास्तर स्वतः गेले. समितीने त्यांना विचारलं की बाईंचं पंच म्हणून काम कसं आहे. त्यांचं उत्तर इतिवृत्तात आहे: 'काम उत्तम आहे. त्या सभासद आहेत की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.' निकाल राखून ठेवण्यात आला.

हिवाळेमावशी चार वेळा पंच झाली. तिच्या गटाने सुरू केलेली आजाऱ्यांना भेटण्याची वही अजून चालू आहे. आता तिचा अकरावा भाग आहे. मास्तर १९९५ मध्ये वारले. कबरस्तानातल्या त्यांच्या जागेच्या कागदावर दोन पंचांच्या सह्या आहेत, त्यातली दुसरी तिची. दानिएलचा पत्ता लागलेला नाही.

मावशी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने मला विचारलं, "त्या मास्तरांच्या अर्जाचं काय झालं रं शेवटी?" मी परिषदेच्या कार्यालयात फोन केला. कारकून तरुण होता, पण त्याने फाइल शोधली. शेरा 'विचाराधीन' असा होता. समितीतले दोघे वारले होते आणि तिसऱ्यांचा पत्ता कार्यालयाकडे नव्हता.

"त्या बाई हयात आहेत का?" त्याने विचारलं.

"आहेत."

"मग नवी समिती नेमावी लागेल. बाईंना मूळ दाखला घेऊन यायला सांगा. तारीख कळवतो."

तारीख अजून कळलेली नाही.